वाढत्या अंगाचं माप

१७ नोव्हेंबर

ही डायरी माझ्या मुलाच्या, प्रविणच्या कंपनीची, गेल्या वर्षीची. तारखा चालतील, वार चुकीचे छापलेत. तेव्हा वाराकडे बघायचं नाही असं ठरवलंय. मी चौथीपर्यंत शिकले, तेही मास्तर मिठागराच्या बांधावर उभे राहून हाका मारायचे म्हणून. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. कुणी वाचू नये, वाचलं तर हसू नये.

लिहायचं कारण विमलबाई. आमच्या गावात, जित्याला, बालवाडी निघाली तेव्हा त्या पेणहून शिकवायला यायच्या आणि मी खिचडी शिजवायचे. पोरं झोपली की त्यांनी मला विणकाम शिकवलं. एकच स्वेटर शिकवला. तीस वर्षं तोच विणतेय. अंग लहान असो की मोठं, स्वेटर तोच. खालून पट्टी, मग पाठ, पुढचा भाग, बाह्या, शेवटी गळा.

आता नातीला ड्रेस पाहिजे. नात म्हणजे मनाली, तिसरीत आहे, रोह्याला असते आईबापाजवळ. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती बर्फातली परी झालीय. नाव मनाली, घर रोह्याला, आजी जित्याला. बर्फ बघितला तो फ्रीजमध्ये कोळंबीच्या पिशवीला चिकटलेला. सून अनितानं फोनवर फोटो दाखवला, पांढरा लोकरीचा ड्रेस, गुडघ्यापर्यंत, खाली घेर. वर म्हणाली, "आई, हे तुम्हाला नाय जमणार. मी ऑनलाइन मागवते." झालं. असं म्हटल्यावर मी गप्प बसते काय.

विमलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "जने, स्वेटर येतो ना तुला? मग ड्रेस म्हणजे स्वेटरच गो. कमरेला थांबायचं नाही, खाली जायचं एवढंच. पण काय बदल करशील ते रोज लिहून ठेव. डोक्यावर भरवसा ठेवू नको."

हे शेवटचं बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं. माझी सासू अखेरीला पोटच्या मुलाला भावोजी म्हणत होती.

२३ नोव्हेंबर

रोह्याला जाऊन माप आणलं. टेपवरचे आकडे बारीक, माझं माप सुतळीचं. छातीभोवती सुतळी फिरवायची, जिथं टोक मिळतं तिथं गाठ. कमरेची दुसरी गाठ. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची सुतळी वेगळी. आणि विणताना गाठीच्या पुढं चार बोटं जास्त धरायची, कारण पोर वाढत्या अंगाचं. माझ्या आईनं झगे असेच केले, सासूनं असेच केले. आमच्यात पोराला नेमक्या अंगाचं कापड कुणी करत नाही. नेमक्या अंगाचं कापड माणसाला शेवटी एकदाच लागतं.

मनाली माप देताना एका जागी उभी राहील तर शपथ. दोनदा पाणी प्यायला पळाली. "आजी, मला पंख पण कर." म्हटलं, पंख तुझ्या बापाच्या कंपनीत सांग, तिथं लोखंडाचे करतील.

२ डिसेंबर

पेणहून पांढरी लोकर आणली. दुकानदार म्हणाला, लागली तर याच रंगाची परत मिळेल याची खात्री नाही. त्याला खात्री कशाचीच नसते.

काय बदललं ते लिहिते. स्वेटरला खालची पट्टी घालते ती घातली नाही. कमरेपासून साधे टाके घेऊन वर गेले, नेहमीसारखी पाठ, पुढचा भाग, बाह्या. आता कमरेच्या कडेचे टाके परत सुयांवर उचलायचे आणि उलट्या दिशेनं खाली यायचं, मध्ये मध्ये टाके वाढवत, म्हणजे घेर होईल. वर स्वेटर, खाली परकर. विमलबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "हुशार आहेस गो." मी म्हटलं, हुशार असते तर पांढरा रंग घेतला असता काय.

८ डिसेंबर

वरचा भाग घेऊन रोह्याला गेले. मनालीच्या अंगावर घातला आणि बघतच राहिले. चार बोटं काय, वीतभर हलत होता. काखेत तर बोचकं.

अनिता म्हणाली, "आई, रागावू नका हां, पण तुमचा हात सैल पडलाय."

"हात नाय, तुमच्या रोह्याची हवा सैल हाय," मी बोलले खरी, पण टाक्यांवरून बोट फिरवून बघितलं. विणणारणीचा हात सैल पडतो म्हणजे टाका ढिला येतो, तेच टाके असले तरी कापड मोठं होतं. म्हातारीचा हात कधी सैल पडतो हे तिचं तिला कळत नाही. दुसऱ्यांना कळतं. सासूच्या हातच्या भाकऱ्या जाड व्हायला लागल्या ते आधी मलाच कळलं होतं.

मनाली चिडचिड करत होती. जेवली मात्र मोठ्या माणसासारखी, आणि जेवून अर्धा तांब्या पाणी. अनिता हळूच म्हणाली की ती आजकाल अंथरुणात शू करते, आठ वर्षांची घोडी. कुणाला सांगू नका. मी म्हटलं, मी कशाला सांगू, गादी सांगेल. मोरीत तर मुंग्याच मुंग्या. एवढी मोठी कॉलनी, पण स्वच्छता बघाल तर नाव नाही. अनिताला तसं बोलले. ती दिवसभर फुगली.

पोर डोळ्यांत सुकल्यासारखी वाटली. पण पोराला कधी बारीक झालं म्हणू नये, घरच्या माणसाचीच तोंडाची वाफ लागते. जीभ चावून धरली. माझी जीभ धरायला दोन्ही दाढा लागतात.

९ डिसेंबर

सगळं उसवलं. लोकरीच्या सुरकुत्या जाईपर्यंत गुंड्याला पाण्याची वाफ दिली. बारीक सुया घेतल्या, टाके घट्ट ओढून विणतेय. बोटं दुखतात.

भीती वाटते ती बोटांची नाही. काल गॅसवर चहा ठेवून कोंबड्या झाकायला गेले, चहा आटून भांडं काळं. आधीही असं व्हायचं. पण आधी मी त्याला विसरणं म्हणत होते.

१४ डिसेंबर

विणकाम विमलबाईंकडे नेलं. त्यांच्या डोळ्यांवर साखरेनं पडदा आलाय, त्या बोटांनी बघतात. रोज पोटाला सुई टोचून घेतात आणि वर जिलेबीची आठवण काढतात. बराच वेळ विणीवरून बोटं फिरवत बसल्या. म्हणाल्या, "हात कुठं सैल आहे? उलट एवढं घट्ट का ओढलंयस, फास लावल्यासारखं?"

त्यांना दिसत नाही आणि स्वभाव चांगला, मला बरं वाटावं म्हणून बोलल्या असणार. घरी येताना रडायला आलं. आलं तसं परतवलं. पेणच्या स्टेशनावर रडायला मी काय नवी नवरी आहे?

२१ डिसेंबर

पुन्हा रोहा. कमरेखाली वीतभर आले होते. घातला. पुन्हा हलतो.

बारीक सुया, घट्ट हात, तरी हलतो. अनितानं प्रविणकडे नुसतं बघितलं. ते बघणं मी ओळखते. मीपण माझ्या नवऱ्याकडे तसंच बघायचे, सासूच्या पाठीमागं.

प्रविण म्हणाला, "आये, लोकरीचं वजन आलं ना खाली, म्हणून ओढतंय." तो बिचारा कंपनीत पाइपांची वजनं बघतो, त्याला तेच सुचणार. मी म्हटलं, खाली ओढतं तर लांब होईल, रुंद कसं होईल? तो म्हणाला, मग सुतळी ओलावून सैल झाली असेल. हे मात्र मनाला पटलं. सुतळी ताणली तर गाठी लांब जातात, माप मोठं येतं. नवीन सुतळी घेतली, म्हटलं मनाली, ये इकडे.

मनाली झोपली होती. भर दुपारी, पाटावर बसल्या बसल्या भिंतीला टेकून. उठवलं तर उठेना. अनिता म्हणाली, "झोपू द्या, शाळेत प्रॅक्टिस असते नाचाची, दमते." मला गाडी गाठायची होती. मी तशीच झोपलेली असताना तिच्या छातीभोवती सुतळी फिरवली.

गाठ मारली आणि हात थांबला. निजल्या माणसाचं माप घेत नाहीत. ते माप वेगळ्या कामाचं.

गाडीत दोन्ही सुतळ्या एकमेकींना लावून बघितल्या. नवीची गाठ जुनीच्या बरीच आत. म्हणजे जुनी ताणलीय. ताणलीच असणार.

२५ डिसेंबर

नाताळच्या सुट्टीत मनाली माझ्याकडे आली. प्रविणची दुसरी शिफ्ट, म्हणून त्यानं तिला मोटरसायकलवर वडखळपर्यंत आणलं, मी नाक्यावर उभी होते. पोरीचे ओठ सुकून पापुद्रे निघालेले. "आजी, तहान." रसवंतीत नेलं. उसाचा एक ग्लास प्यायली, दुसरा मागितला. दुसरापण दिला. रसवाला म्हणाला, "मावशी, नात लई तहानलेली." मी म्हटलं, तू मोजू नको, गाळ. बरं वाटलं मला. पोर काहीतरी आवडीनं घेतेय.

घरी आल्यावर दोनदा विहिरीजवळ उलटी केली. उन्हाचा रस, सोसला नसेल.

२७ डिसेंबर

लोकर संपली. दुकानदाराकडे तो पांढरा नाही, म्हणाला मी सांगितलं होतं. अजून अर्धा घेर बाकी. ट्रंकेत मनालीचा जुना पांढरा स्वेटर आहे, गेल्या थंडीत विणलेला. शिमग्यापर्यंत काखेत काचायला लागला म्हणून अनितानं परत पाठवला होता. तो उसवून घेराची कड करीन. लोकर थोडी पिवळी पडलीय, पण स्टेजवर लाइट मारले की कुणाला कळतं.

मनाली पोट दुखतं म्हणते. अनितानं मेडिकलमधून आणून सोबत पाठवलेलं जंताचं औषध दिलं. ग्लुकोजची पावडर पाण्यात घालून देतेय, ताकद येईल. रात्री पाचसात वेळा उठते, पोर अंधाराला घाबरायची, आता माझा हातपण धरत नाही, तशीच बाहेर जाते. तोंडाला वास येतो. कसला ते सुचत नव्हतं. आज दुपारी आठवलं. पेटीत राहून नासलेल्या पेरूंचा.

सीताबाई शेजारीण येऊन बघून गेली. "जनाबाई, नजर काढ गो." काढली. मीठ-मोहरी तडतडली नाही. सीताबाईचं तोंड उतरलं. मीठ आमच्याकडचंच, दमट असतं, असं मी म्हटलं. मला स्वतःला पटलं नाही.

मी झोपलेल्या पोरीचं माप घेतलं होतं. हे सीताबाईला सांगितलं नाही. डायरीला सांगतेय.

३० डिसेंबर, अलिबाग

हे हॉस्पिटलमध्ये बसून लिहितेय. डायरी मांडीवर आहे, अक्षर आणखी वाईट येईल. नीट लिहून काढते, नाहीतर मला वेड लागेल.

परवा सकाळी जुना स्वेटर उसवायला घेतला. खालची गाठ सोडून धागा ओढणार, तेवढ्यात मनाली म्हणाली, "आजी, थंडी." बाहेर ऊन होतं. म्हटलं, घाल बाई तोवर हाच, तू गरम झालीस की काढ, मग उसवीन.

तिनं हात वर केले आणि मी डोक्यातून घातला.

तो लोंबत होता. काखेत काचतो म्हणून परत आलेला स्वेटर. खांदे उतरून दंडावर आले, गळ्यातून हाडं दिसत होती.

हा स्वेटर मी गेल्या वर्षी विणलाय. तेव्हा माझा हात सैल नव्हता. सुतळी ताणलेली नव्हती. लोकर तीच, टाके तेच. स्वेटर तर बदललेला नाही. ट्रंकेत घडी घालून होता.

मग बदललं कोण?

लोकर बाजूला सारली. मग तिला उचललं. आठ वर्षांचं पोर, मला उचलता येता कामा नये. कापसाचं गाठोडं उचलावं तशी उचलली. तीच भीती मला अजून हातात जाणवते.

नाक्यावर आमच्या गावातल्या कान्हूची रिक्षा उभी. म्हटलं, पेणला सरकारी हॉस्पिटल, कुठं थांबू नको. कान्हू म्हणाला, "जनाकाकी, दोन सीट अजून भरू दे." मी त्याला काय बोलले ते इथं लिहीत नाही, त्याची आई अजून जिवंत आहे. त्यानं रिक्षा काढली. पोरीचा श्वास जोरजोरात चालला होता, धावून आल्यासारखा. बोलवलं तर डोळे अर्धे उघडायची.

डॉक्टरीण तरुण होती. खाण्यापिण्याचं विचारलं. मी म्हटलं, खाते भरपूर, पाणी पिते भरपूर, शू करते भरपूर, झोपते भरपूर. बोलता बोलता माझं मलाच ऐकू यायला लागलं. ती म्हणाली, "आजी, शू केल्यावर मुंग्या येतात का?"

मी खुर्चीवर बसले. मोरीतल्या मुंग्यांवरून मी सुनेला घाण म्हटलं होतं.

बोटाला टोचून रक्ताचा थेंब काढला, छोट्या यंत्राला लावला. यंत्रावर आकडाच उमटेना. नर्स म्हणाली, साखर एवढी आहे की मशीनला मोजता येत नाही. मी म्हटलं, साखर म्हाताऱ्यांना होते. आमच्या विमलबाईंना आहे. डॉक्टरीण म्हणाली, "लहान मुलांनापण होते आजी, वेगळी असते ती. अंगात इन्सुलिनच बनत नाही, म्हणून खाल्लेलं अंगाला लागत नाही. काल परवा काय दिलंत?"

सगळं सांगितलं. रस, दोन ग्लास. ग्लुकोज. गुळाची पोळी. तिनं लिहून घेतलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नाही.

सलाईन लावून ॲम्ब्युलन्समधून अलिबागला आणलं. गाडी वडखळला वळली तेव्हा काचेतून ती रसवंती दिसली. घुंगरं वाजत होती, माणसं पीत होती. मी मनालीचा पाय धरून बसले. हात धरायला जागा नव्हती, दोन्ही हातांना नळ्या.

प्रविण आणि अनिता संध्याकाळी पोचले. अनिता खांबला माहेरी गेली होती, तिथून तशीच घरातल्या साडीवर आली. मी बोलायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "आई, मी तुम्हाला हात सैल झाला म्हटलं."

"झालाच असता बरा," मी म्हटलं.

दोघी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो. पहिल्यांदाच आम्ही दोघी एवढा वेळ न भांडता बसलो असू. आतून कुणी येईल आणि काय सांगेल याची वाट बघत. चपलांचा आवाज आला की अनिता माझं मनगट धरायची. चपला पुढं गेल्या की सोडायची.

१ जानेवारी, अलिबाग

आज उठून बसली. पहिलं बोलली ते, "आजी, ड्रेस झाला?"

म्हटलं, बया, मरता मरता वाचलीस आणि ड्रेस.

हे बोलायला नको होतं. अनितानं माझ्याकडे बघितलं. मनाली मात्र हसली. ओठ फुटले तिचे हसताना.

८ जानेवारी

रोह्याला आहे. आता इथंच राहणार काही दिवस. रोज जेवणाआधी बोटाला टोचायचं, मग पोटाला नाहीतर मांडीला इन्सुलिन. जन्मभर. डॉक्टर हे शांतपणे सांगतात, भाताला पाणी किती घालावं ते सांगावं तसं.

अनिता म्हणते बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, पोरीची जात, उद्या लग्नाचं बघावं लागेल. मी म्हटलं, उद्या सकाळचं बघ आधी. पण भीती मलापण आहे. माझी भीती लग्नाची नाही. डॉक्टर म्हणाले साखर वाढली तर जेवढं वाईट, तेवढंच खाली गेली तर. खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, पोर बेशुद्ध पडू शकतं. तेव्हा लगेच साखर भरवायची.

जी साखर देऊन मी तिला मारत होते तीच आता खिशात ठेवायची. हे माझ्या डोक्यात नीट बसत नाही. बसायला पाहिजे, कारण अनिता कामाला गेली की घरात मीच.

१२ जानेवारी

ड्रेस पूर्ण करायचा आहे, गॅदरिंग अठराला. शाळेनं तिचा भाग तिच्यासाठी ठेवलाय, बाईंना सगळं सांगावं लागलं. अनिताला ते आवडलं नाही.

पुन्हा माप घेतलं, उभं करून, जागी असताना, बडबड करत असताना. सुतळीला गाठ मारली. मग पुढं बोटं ठेवायची वेळ आली. चार ठेवायची हिंमत होईना. नेमक्या अंगाचं करायची तर त्याहून नाही. एकच बोट ठेवलं.

आणखी एक बदल लिहून ठेवते. कमरेच्या बाजूंची शिवण पूर्ण घेतली नाही. दोन्हीकडे वीतभर उघडी ठेवली, कडेला काजं केली, बटणं लावली. म्हणजे सुई देताना सगळा ड्रेस वर करायला नको, पोरीची लाज राहते. अनितानं पांढरी बटणं आणली, दिसू नयेत म्हणून. मनालीनं माझ्या डब्यातून लाल काढली. "ही लाव."

"दिसतील गो."

"दिसू दे. नाचताना बाईंना सापडली पायजेत ना."

अनिता उठून आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली, सुईत दोरा ओवून माझ्या हातात दिला. लाल दोरा.

१८ जानेवारी

गॅदरिंग झालं. मी स्टेजच्या बाजूला, पडद्याजवळ बसले होते, बाईंनी खुर्ची दिली. मुठीत साखरेची पुडी. समोर पोरी नाचत होत्या, मनाली मधोमध, घेर गोल फिरत होता, कड जुन्या लोकरीची, पिवळट. कळत होतं. लाइट मारूनपण कळत होतं.

लोक नाच बघत होते. मी तिच्या कपाळाला घाम येतो का ते बघत होते. मध्येच ती एक पाऊल चुकली, मी उठून उभी राहिले. बाकीच्या पोरी उजवीकडे वळल्या, ती डावीकडे. चक्कर आली की नाच विसरली, कसं ओळखायचं? पुडी फाडली. तिनं माझ्याकडे बघितलं, जीभ दाखवली आणि उजवीकडे वळली.

टाळ्या वाजल्या तेव्हा मी वाजवल्या नाहीत. घामानं साखर मुठीत विरघळून हात चिकट झाला होता. माझाच घाम.

शेजारच्या कुणा पोरीची आई म्हणाली, "काकू, ड्रेस कुठून घेतला हो? छान आहेत बटणं." मी सांगायला तोंड उघडलं, तर पलीकडून अनिता म्हणाली, "आमच्या आईंनी विणलाय. पोरीला इन्सुलिन लागतं, त्यासाठी हाय ती सोय." आणि मग खाली बघून पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली, बराच वेळ.

२० फेब्रुवारी

जित्याला परत आले. महिनाभर काही लिहिलं नाही. दोनदा साखर खाली गेली, एकदा माझ्यासमोर, दुपारी. पुडी होती. दिली. त्यानंतर मी तासभर नुसती बसून होते, ती मात्र उठून टीव्ही लावायला गेली.

आज सगळी इकडे आली. मनाली ड्रेस घालून आली होती, उन्हातान्हात लोकरीचा, सांगितलं तर ऐकते थोडीच. दारातच म्हणाली, "आजी, काखेत काचतंय."

मी तिला जवळ ओढलं, बोट आत घालून बघितलं. ते एक बोट जास्त ठेवलं होतं ना, ते कुठं उरलं नव्हतं. लोकर अंगाला घट्ट बसली होती. बगलेत लाल वळ उठला होता.

"आधी का नाय सांगितलंस गो?"

"तू उसवशील म्हणून."

"उसवीनच. खालून घेर सोडते थोडा, त्या लोकरीनं बाजूला पट्टी घालते."

प्रविण हसायला लागला. म्हणाला, "आये, आज काय सैल निघालं नाय तुझं काम." मी म्हटलं, तू गप, पाइप मोज.

सुतळी आणली. मनाली हात पसरून उभी राहिली, हलत होती, पायानं कोंबडीला हुसकत होती. छातीभोवती फिरवली. गाठ जानेवारीच्या गाठीच्या पुढं गेली. मी ती दोनदा बघितली.

"किती ठेवू?" मी विचारलं.

"वाढत्या अंगाचं ठेव," ती म्हणाली. "तूच बोलतेस ना."

चार बोटं लावली आणि पुढं गाठ मारली. मग लगेच सोडली. अनिता दारातून बघत होती.

मग परत तिथंच मारली.